चटणी : सारण की तोंडीलावणे?

सँडविच कशाला म्हणावे, हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. २००६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका न्यायाधीशांनी बरीटो हे सँडविच नव्हे, असा निर्णय दिला. कारण सँडविचला पावाचे दोन काप लागतात आणि बरीटोला एकच पोळी पुरते. आवरणाचा निवाडा असा झाला. आतल्या ऐवजाचा प्रश्न मात्र तसाच राहिला : पावाच्या पोटात जे जाते, त्यातले सारण कोणते आणि तोंडीलावणे कोणते? माझे मत आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या सँडविचमधली हिरवी चटणी हे सारण आहे. तिला 'कॉन्डिमेंट' म्हणून बाजूला सारणे म्हणजे अन्नाच्या इतिहासाकडे भरल्या ताटावरून पाहणे होय.

प्रथम इंग्लंड. 'सँडविच' हा शब्द खाद्यपदार्थाच्या अर्थाने प्रथम लिखित आढळतो तो एडवर्ड गिबनच्या १७६२ च्या रोजनिशीत. लंडनच्या कोको ट्री क्लबात बडी मंडळी थंड मांस किंवा सँडविच खात बसली आहेत, असे तो नोंदवतो. पुढे ग्रोले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने जुगाराच्या टेबलावरून न उठता, भाजलेल्या पावात गोमांस घालून खाणाऱ्या मंत्र्याची हकीकत लिहिली. (सँडविचच्या अर्लचे चरित्रकार रॉजर यांच्या मते तो जुगारापेक्षा कामामुळे टेबलाला खिळलेला असण्याचा संभव अधिक. पण जुगाराची गोष्ट अधिक चविष्ट, म्हणून तीच टिकली.) लक्षात येते ते हे, की या हकीकतींत नाव निघते ते मांसाचे. सारण म्हणजे मांस, उरलेले सारे जोडीला, ही विभागणी त्या टेबलावरची आहे.

'कॉन्डिमेंट' या शब्दाच्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे, त्याचा अर्थ मुरवणे, टिकवणे, चव आणणे. 'चटणी'चे नाते चाटण्याशी. इंग्रजांनी चटणी मायदेशी नेली, तेव्हा साखर आणि व्हिनेगर घालून ती बाटलीत भरली. 'मेजर ग्रे' या नावाने विकली जाणारी आंब्याची चटणी हा त्याचाच नमुना. तेथे ती शब्दशः कॉन्डिमेंट झाली. सकाळी पाट्यावर वाटलेली कोथिंबीर-मिरची संध्याकाळी उतरते. तिला तेच लेबल लावण्याचे कारण काय?

आपल्याकडे ही विभागणी पदार्थावरून नव्हे, जागेवरून होत आली. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाज्या आणि आमटी. तोच नारळ गुळात शिजून मोदकात शिरला की सारण होतो, मिरचीसोबत वाटला गेला की डावीकडे जातो. म्हणजे सारणपण वस्तूत नसते, तिच्याकडे सोपवलेल्या कामात असते. आणि पाव तर ताटाचा सारा भूगोलच मिटवून टाकतो. त्यात डावी बाजू कोणती आणि उजवी कोणती?

पण मुळात डावी-उजवी बाजू असायला ताट भरलेले लागते. ज्याच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा एवढेच बांधलेले आहे, त्याच्यासाठी ठेचा हे कशाचे तोंडीलावणे? 'चटणी-भाकरी' हा शब्द मराठीत एका संपूर्ण जेवणाचे नाव म्हणून रुजला, तो हौसेने नव्हे. शेतावर राबणाऱ्या माणसाने चटणी उजवीकडची म्हणूनच खाल्ली. हे वास्तव 'कॉन्डिमेंट' या एका शब्दाने पुसले जाते, आणि माझा आक्षेप आहे तो इथे.

थराच्या जाडीचा मुद्दा नेहमी पुढे येतो : चटणी पातळ फासलेली, काकडी-बटाट्याचे काप जाड. परंतु ब्रेड, लोणी आणि चटणी एवढ्यावरच उभे राहणारे चटणी सँडविच घरोघर होते, आणि त्याला नाव मिळाले आहे ते चटणीचेच. तिला वजा करा; उरेल ती ब्रेड-बटर. लोण्याचे काम आणखी वेगळे. ते टोमॅटो-काकडीचे पाणी पावापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून त्याला मी सारणही म्हणणार नाही आणि तोंडीलावणेही नाही. तो गिलावा आहे.

वडापावाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पाव आणि बटाटा ही दोन्ही नावे पोर्तुगीजांकडून आलेली. मिरचीही मूळची अमेरिकेची, त्यांच्याच जहाजांतून इकडे पोहोचलेली. त्यात वड्याचा मान मोठा, हे मान्य. तरीही वडे संपल्यावर गाडीवर चुरा आणि लसणाची चटणी भरून पाव खाल्ला जातोच, आणि खाणाऱ्याला आपण केवळ तोंडीलावणे खाल्ले असे वाटत नाही. सोबत कागदात मिळणारी तळलेली, मीठ लावलेली मिरची मात्र निःसंशय तोंडीलावणे. ती पावाबाहेर राहते, घासागणिक चावली जाते, आणि कित्येकदा तशीच कागदात उरते.