शेवटचं कडवं कुठं गेलं?
गावगाणं

चौदा एप्रिलला शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर जी गाणी वाजतात, त्यांतली कितीतरी वामनदादा कर्डकांची. मुखडा दोनदा, मग नुसता ठेका, पुन्हा मुखडा, की लागलं पुढचं गाणं. डीजेच्या आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, आंबेडकर जयंती मुक्यानं करायची नसतेच. तक्रार आहे ती गाळलेल्या कडव्यांची. अभंगकारांप्रमाणे वामनदादाही शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा घालत. गाणं तिथवर जातच नाही, मग नाचणाऱ्या पोरांना कवी कळणार कसा?

आणि कवी तरी कोण! १५ ऑगस्ट १९२२ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मुंबईत मजुरी करणारा, निरक्षर. चाळीत कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि ते वाचता येईना. त्या लाजेपोटी देहलवी मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली. ३ मे १९४३ला पहिलं गाणं रचलं, तेही हिंदी गाण्याचं विडंबन. पुढं बाबासाहेबांचा विचार गावोगावी गात फिरले. मध्येच 'सांगत्ये ऐका' या चित्रपटासाठीही लिहून गेले. १९९३मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १५ मे २००४ला गेले.

अर्जेंटिनात असाच एक गाणारा होता, अताहुआल्पा युपांकी. मूळ नाव एक्तोर रोबेर्तो चावेरो. इंका राजांची नावं त्यानं स्वतः घेतली. गुराखी, मजूर, मूळनिवासी हे त्याचे विषय. राष्ट्राध्यक्ष पेरॉनच्या काळात तुरुंग झाला, गाण्यांवर बंदी आली. सेरो कोलोरादो गावातलं त्याचं घर आज संग्रहालय आहे.

त्याची आठवण तिथं घरानं जपली; आपल्याकडं वामनदादांची गाणी जपायला मला अजून भरवसा आहे तो गायन पार्ट्यांचा. मृत्यूनंतरच्या जलदान विधीच्या रात्री पेटी, ढोलकी, खंजिरी घेऊन मंडळी बसतात. वहीतलं गाणं कडव्यामागून कडवं पुरं होतं, 'वामन' आला की म्हातारी माणसं मान हलवतात. हे गायक मानधनाला मोताद, आणि मंडळांचा बहुतेक पैसा मात्र भिंतीएवढ्या स्पीकरवर.

जयंती मंडळांना एवढंच सांगणं : मिरवणूक संपल्यावर तासभर तालुक्यातल्या एका गायन पार्टीला द्या, मानधन ठरवून द्या, आणि फलकावर पाहुण्यांच्या नावांआधी गीतकाराचं नाव घाला.

– मुरबाडकर