कोळंबीच्या डोळ्यातला ब्रेक

रविवारी रसेल मार्केटमधून कोळंबी आणलीत, तर डोकं फेकण्याआधी तिचे डोळे नीट बघा. ते छोट्या देठांवर असतात. या देठांत चेतापेशींचा एक पुंजका असतो. तो न्यूरोपेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचेच छोटे तुकडे, रक्तात सोडतो. हे तुकडे म्हणजे निरोप, आणि त्यातले महत्त्वाचे निरोप चक्क ‘थांब’ सांगणारे! एक निरोप कात टाकायला लावणाऱ्या ग्रंथीला गप्प ठेवतो, दुसरा अंडी पिकू देत नाही.

१९०५ मध्ये चार्ल्स झेलेनी यांनी खेकड्यांच्या डोळ्यांचे देठ काढले, तर ते लवकर कात टाकू लागले. मऊ कवचाची चिंबोरी हाती लागली, तर समजा, तिचा हा ब्रेक नुकताच सुटला होता.

हॅचरीच्या टाकीत टायगर कोळंबीची मादी सहजी अंडी धरत नाही. मग तिचा एक डोळा देठापासून कापतात किंवा चिमटून टाकतात. ब्रेक निम्मा सुटतो आणि काही दिवसांत अंडी पिकतात. धंद्याला सोयीचं आहे, पण मला हे पचत नाही. डोळा शाबूत ठेवून फक्त तो निरोप अडवता येईल का, यावर संशोधक काम करताहेत.