छतावरचा माणूस करारात कुठे आहे?

मार्च उजाडला की अकोला, जळगाव, नागपूरकडच्या घरांत एकच विषय निघतो: यंदा वरच्या स्लॅबचं काहीतरी करून घ्यायचं. कोणी उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घेतो, कोणी विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतो, कोणी पत्र्याखाली ग्लासवूल, तर कोणी पीओपीच्या वर थर्माकोल बसवतो. खर्च कधी लाखाच्या घरात जातो. करार मात्र ठेकेदाराच्या कार्डाच्या पाठीवर: स्क्वेअर फुटाचा दर आणि खाली ‘१० वर्षे गॅरंटी’. अर्धे पैसे रोख. पक्के बिल कोणी मागत नाही, कारण बिल आले की जीएसटी आला.

लग्न ठरवताना मानपानाच्या साड्या आणि आहेराची भांडी यादीवर चढवून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या घेणारा आपला समाज घराच्या छताचा व्यवहार तोंडी उरकतो आणि वर सांगतो, ‘आमचा माणसावर विश्वास आहे.’ हा विश्वास नाही, ही लबाडी आहे. कागद नसला की कर चुकवता येतो. आणि उद्या कोणी वरून पडला, तर ‘तो ठेकेदाराचा माणूस, आमचा काय संबंध?’ असे म्हणायला आपण मोकळे.

ज्याला काम देतो त्याची पात्रता तरी आपण विचारतो का? विजेचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. मुंबईत नळाच्या कामाला महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर लागतो. छतावर उष्णतारोधक थर बसवणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे असा स्वतंत्र परवानाच नाही. जीएसटी क्रमांक म्हणजे परवाना नव्हे. सार्वजनिक बांधकाम खात्याकडची नोंदणी सरकारी कामांसाठी असते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ठेकेदारांचे परवाना मंडळ १९२९ पासून आहे आणि या कामाला ‘सी-२’ हा वेगळा वर्ग आहे. तिथे घरदुरुस्तीच्या करारात ठेकेदाराला आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जी कमी असेल तेवढीच घेता येते. आपल्याकडे असा कायदा झाला नाही, कारण तो आपण कधी मागितलाच नाही.

असे काम घाईने आणि स्वस्तात उरकले की काय होते, ते ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. २००९ मध्ये तिथल्या सरकारने घरांच्या छतांत उष्णतारोधक थर बसवायला अनुदान दिले. पैसा आला तसे रातोरात ठेकेदार उगवले आणि प्रशिक्षणाच्या अटी सैल झाल्या. पोरसवदा मुले अंधाऱ्या माळ्यांवर चढली. चकचकीत धातूच्या पन्न्या धातूच्याच पिनांनी ठोकताना पिना विजेच्या तारांत घुसत, आणि अख्ख्या पन्नीत वीज उतरे. चार तरुण कामगार गेले: तिघे विजेच्या धक्क्याने, एक माळ्यावरच्या उष्म्याने. त्यांतला सर्वांत धाकटा १६ वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळली गेली, पुढे चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले आणि त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. तिथे निदान या मृत्यूंचा जाब विचारला गेला. आपल्याकडे मजूर अड्ड्यावरून उचललेला पोरगा मे महिन्याच्या दुपारी, पायांत स्लीपर, कमरेला पट्टा नाही, अशा अवस्थेत कठड्याच्या काठावर काम करतो. त्याचे आडनावही घरमालकाला ठाऊक नसते. तो पडला तर ठेकेदार घरच्यांच्या हातावर काही नोटा ठेवतो आणि प्रकरण मिटते. मिटवणाऱ्यांत आपणही असतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम कक्षेबाहेर ठेवले होते. कायद्याने दिलेली ही सवलत आपण माणुसकीलाही लावून टाकली.

करार लिहिणे अवघड नाही. साहित्य कोणते, जाडी किती मिलिमीटर, हे लिहून घ्या. थर्माकोल असेल तर तो ‘आयएस ४६७१’ प्रमाणे आणि त्यातही स्वतःहून विझणाऱ्या प्रकारचा हवा, हे नमूद करा. साध्या थर्माकोलला आग लागली तर ती झपाट्याने पसरू शकते. वायरिंग आधी परवानाधारक ठेकेदाराकडून तपासून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. गॅरंटी कशाची, तीही लिहा. १८७२ च्या करार कायद्यानुसार तोंडी करारही खरा ठरतो, पण तो सिद्ध करायचा कशाने? ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि तिथे कार्डाच्या पाठीवरचा आकडा फार काळ टिकत नाही.

स्वस्त कोटेशन निवडताना पाच रुपये कुठून वाचले, हेही विचारा. बहुतेकदा ते पट्ट्यातून, शिरस्त्राणातून आणि विम्याच्या हप्त्यातून वाचलेले असतात. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत तीन कोटेशने वाचून सर्वांत कमी दराला टाळ्या वाजवणाऱ्यांनी कामगारांच्या विम्याचा कागद एकदा तरी मागावा. या उन्हाळ्यात कोणालाही छतावर चढवण्याआधी करार लेखी करा, आणि त्याचे पहिले कलम त्या माणसाच्या सुरक्षेचे व विम्याचे असू द्या.