पाळकसाहेबांची बी. एस्सी.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभा गाजवणारे पास्टर मार्क बर्न्स यांच्या परिचयपत्राची सप्टेंबर २०१६च्या आरंभी सीएनएन वाहिनीवर जी शोभा झाली, तिच्यावर अमेरिकेत पुरेसे हसून झाले असले, तरी त्यातील सर्वांत रसाळ भाग त्या हशात वाया गेला. चर्चच्या संकेतस्थळावर बर्न्स यांच्या नावे नॉर्थ ग्रीनव्हिल विद्यापीठाची बी. एस्सी., लष्कराच्या राखीव दलातील सहा वर्षांची सेवा आणि ‘कापा अल्फा साय’ या बंधुसंघाचे, म्हणजे विद्यार्थिदशेत दीक्षा घेऊन जन्मभर मिरवायच्या कृष्णवर्णीय पदवीधरांच्या प्रतिष्ठित मंडळाचे, सदस्यत्व जमा होते. चौकशीत विद्यापीठातील वास्तव्य एका सत्राचे निघाले, सेवा दक्षिण कॅरोलायनाच्या नॅशनल गार्डमधील निघाली आणि बंधुसंघाच्या दप्तरी नावच निघाले नाही. त्यावर पाळकसाहेबांनी प्रथम संकेतस्थळात कोणीतरी ढवळाढवळ केली असावी अशी शंका घेतली आणि मग, कॅमेरा समोर सुरू असताना, हे संभाषण प्रसिद्धीसाठी नाही असे जाहीर करून ते उठून गेले. दुसऱ्याच्या परिचयपत्रात रात्री शिरून काहीही न चोरता उलट एक पदवी ठेवून जाणारा हा परोपकारी घुसखोर अमेरिकेच्या गुन्हेगारी इतिहासात बहुधा एकमेव ठरावा.

या थापांपैकी एकही धार्मिक नव्हती, याची मात्र कोणी दखल घेतली नाही. ज्या स्वतंत्र चर्चांवर बिशपची वा धर्मसभेची सत्ता चालत नाही, तेथे ईश्वरी हाक आल्याचे सांगणारा माणूस आणि ती मान्य करणारी मंडळी एवढ्यावर पाळकपद सिद्ध होते; त्याचा दाखला मागता येत नाही आणि म्हणून तो खोटाही ठरवता येत नाही. नवा पाळक म्हणून आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही या भीतीने तपशील फुगवले, असे बर्न्स यांनीच पुढे निवेदनात कबूल केले, म्हणजे हाक देवाची असली तरी तिच्यावर शिक्का त्यांना विद्यापीठाचाच हवा होता. जुन्या वळणाच्या सेमिनरींत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत, हिब्रू आणि ग्रीक घोकून घेण्याची रीत आहे, आणि ती सक्तीची झाली तर निवडणूक प्रचाराचे व्यासपीठ निम्मे ओस पडेल. हिब्रू क्रियापदे पाठ करणाऱ्याला क्लीव्हलँडच्या रिपब्लिकन अधिवेशनात जाऊन, बर्न्स यांनी जुलैत केले त्याप्रमाणे, प्रार्थनेतच हिलरी क्लिंटन आणि डेमोक्रॅटिक पक्ष हे शत्रू असल्याचे देवाच्या कानी घालण्यास सवड उरत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये ट्रम्प यांच्यासाठी नेमलेल्या ज्या इव्हँजेलिकल सल्लागार मंडळात बर्न्स होते, त्यातील इतरांचीही पात्रता वाचनीय आहे. केनेथ कोपलँड आणि पॉला व्हाइट हे ‘समृद्धीच्या शुभवार्ते’चे, म्हणजे श्रद्धा आणि देणगी यांचा मोबदला देव ऐहिक भरभराटीने देतो या शिकवणीचे, प्रचारक; सिनेटर ग्रासली यांनी २००७ मध्ये ज्या सहा दूरचित्रवाणी-सेवाकार्यांच्या हिशेबांची चौकशी आरंभली, त्यांत या दोघांची सेवाकार्ये होती, आणि ती चौकशी २०११ मध्ये कोणावरही ठपका न ठेवता मिटली. जेरी फॉलवेल धाकटे हे पाळकाचे चिरंजीव असले तरी स्वतः वकील; यादीत आणखीही वकील होते आणि मिशेल बाकमन या माजी काँग्रेस सदस्यही होत्या. खुद्द उमेदवाराला २०१५ मध्ये आयोवात, देवाकडे कधी क्षमा मागितली का असे विचारले असता, मागितल्याचे आठवले नव्हते, त्यावर उतारा म्हणून मंडळातील जेम्स डॉब्सन यांनी ट्रम्प नवजात ख्रिस्ती असल्याचा दाखला दिला. मंडळाची घोषणा करताना प्रचारयंत्रणेने सदस्यत्वासाठी ट्रम्प यांना पाठिंबा देण्याची अट नसल्याचे आवर्जून नमूद केले. ख्रिस्ताला पाठिंबा देण्याची अट होती किंवा कसे, याविषयी निवेदन मौन पाळते.