पीकसंरक्षणाची बंदूक : खांद्याचा दणका आणि नेम



रानडुकरं उसात शिरली की गावात दोन विषय निघतात, एक नुकसानभरपाईचा आणि दुसरा बंदुकीचा. भरपाईवर पुष्कळ बोललं जातं. बंदुकीविषयी मात्र पारावर जे बोललं जातं ते बहुतेक ऐकीव असतं, आणि त्यातला एक समज फार जुना आहे : बंदूक खांद्याला जेवढी जोरात बसेल तेवढी ती चांगली. माझं मत याच्या नेमकं उलट आहे.

आधी कायद्याचं दोन शब्दांत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मूळ तरतूद आहे ती ठासणीच्या बंदुकीची. ठासणीची पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पेच नसलेल्या गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बाराबोर, मिळू शकते. नळी मात्र वीस इंचांपेक्षा आखूड नको. पीकसंरक्षणाच्या या कलमात रायफलीचा उल्लेखच नाही. तेव्हा 'डुकरासाठी तीनशे पंधराच पाहिजे' म्हणून कचेरीचे उंबरे झिजवण्यात अर्थ नाही. आणि नाही तेच बरं. रायफलची गोळी मैलापलीकडेही माणूस मारू शकते. आपल्या शिवारात मैलभर अंतरात वस्ती, रस्ता, विहिरीवरचा माणूस, काय नाही?

दुसरी गोष्ट लोक विसरतात. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकाची, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी लागते. मारलेलं जनावर सरकारचं. मटणाचा वाटा घालायला आपण मोकळे नाही.

आता दणक्याकडे वळू. बंदुकीतून माल जितका जड आणि जितक्या वेगानं पुढं जातो, तितक्या नेटानं बंदूक मागं येते. हा दणका सोसायचा कुणी, तर बंदुकीच्या वजनानं आणि उरलेला आपल्या खांद्यानं. काडतूस तेच ठेवून बंदूक दुप्पट जड घेतली तर दणक्याचा जोर निम्मा होतो. म्हणूनच हलकी एकनळी हातात घ्यायला झकास आणि उडवायला वाईट. तीच तीन-सव्वातीन किलोची दुनळी रात्री वागवायला जड वाटते, पण बार सुटताना अंगावर येत नाही. काडतुसाचंही तसंच. वेग तोच ठेवून छर्ऱ्यांचा माल एक-अष्टमांशानं कमी केला, तर दणका जवळजवळ पावपट उतरतो. मॅग्नमच्या मागं लागणाऱ्यांनी हा हिशेब उलट करून पाहावा.

एवढं खांद्याचं कौतुक कशासाठी, असं कुणी विचारील. प्रश्न दुखण्याचा नाहीच, नेमाचा आहे. दोन-तीन बार खांद्याला सडकून बसले की चौथ्या वेळी माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आवळतो आणि नळी हलते. हे भित्र्याचंच होतं असं नाही, भल्याभल्यांचं होतं. आणि नेम हुकला तर डुक्कर नुसतं पळून जात नाही, पुष्कळदा पोटात नाहीतर मांडीत छर्रे घेऊन उसात शिरतं. पुढं काय होतं ते सांगायला नको. सकाळी त्या फडात कोयता घेऊन शिरणारा माणूस आपल्या घरचा नसतो. तो बीडकडून किंवा पाथर्डीकडून पोटासाठी आलेला असतो, आणि जखमी डुकराला तो पाहतो तेव्हा ते चार हातांवर असतं.

म्हणून माझं म्हणणं : दुनळी घ्या, वजनदार घ्या, साधं काडतूस वापरा आणि चाळीस यार्डांच्या पुढं बार टाकूच नका. त्यापुढं मोठे छर्रेही पांगतात आणि मारण्याऐवजी जखमी करतात. दस्ता आपल्या हाताच्या मापाचा करून घ्या. आजोबांची बंदूक आजोबांच्या मापाची असते. दस्ता लांब पडला तर तो खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसतो आणि मग दंड काळानिळा. मागं रबराची गादी लावायला फार खर्च येत नाही.

वडिलोपार्जित बंदुकीबद्दल आणखी एक, आणि हे नीट वाचावं. पुष्कळ जुन्या बाराबोरांचा काडतुसाचा कप्पा ६५ मिलिमीटरचा असतो. हल्लीचं काडतूस सहसा ७० चं. हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचं असतं. न उडालेलं ७० चं काडतूस आखूड असल्यानं ६५ च्या कप्प्यात बिनबोभाट बसतं. 'बसलं म्हणजे चालतं' हा समज इथंच घात करतो. बार होताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही, दाब वाढतो, दणका वाढतो, आणि जुनी नळी फाटली तर डावा हात जातो. नळीवरचं माप वाचता येत नसेल तर परवानाधारक दुकानदाराकडून तपासून घ्या.

अमेरिकेत हरणांची शिकार ठरलेल्या हंगामात, परवान्यानं चालते. तिथं नवशिक्याला, हलक्या अंगाच्या माणसाला पॉइंट २४३ विंचेस्टर हे काडतूस सुचवतात. ते १९५५ साली निघालं. गोळी साडेसहा ग्रॅमच्या आसपास, आणि दणका तीस-शून्य-सहाच्या साधारण निम्मा. तेवढ्यावर पांढऱ्या शेपटीचं हरीण जागेवर पडतं, कारण गोळी जिथं जायची तिथं जाते. ते काडतूस इथं मागवा असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकांना जे कळलं ते आपल्याला का कळू नये, एवढंच.

आणि हरीण म्हटलं की आपल्याकडं बंदूक भिंतीलाच राहू द्यावी. सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्यात, रेहेकुरी आणि नान्नजच्या आसपास, काळवीट पिकात उतरतं हे खरं. पण काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्लं म्हणून त्याला मारायची परवानगी मिळतच नाही. मारलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि निदान पंचवीस हजार दंड. बिबट्याही त्याच अनुसूचीत, आणि जुन्नर-संगमनेरकडं बिबट्याची मादी उसातच वितेते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा उसात नुसतं सळसळलं म्हणून बार टाकणं हा निव्वळ गाढवपणा. जनावर अख्खं दिसल्याशिवाय चापावर बोट नको. कुंपणात घरची लाईट सोडणाऱ्यांचं तर नावच काढू नये; त्यात माणसंही मरतात. झटका देणारं सौर कुंपण वेगळं, ते करा.

दर सभासदानं बंदूक घ्यावी असं मला वाटत नाही. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायला हेलपाटे, वर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एका शिवारात एक सरावाचा, थंड डोक्याचा परवानाधारक असला आणि वनखात्याची परवानगी हातात असली की भागतं. त्यानं मात्र एक पथ्य पाळावं. बार टाकूनही डुक्कर पडलं नाही, तर तो गट नंबर उजाडायच्या आत वनरक्षकाला आणि आपल्या गट ऑफिसला कळवावा. शेतकी खात्यानंही तोडणीच्या पाळीचा आग्रह न धरता त्या फडावर त्या दिवशी टोळी पाठवू नये. ऊस एक दिवस उशिरा गेला तर काही बिघडत नाही. सध्या असा निरोप घ्यायची जबाबदारी कुणावरच नाही. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ती संचालक मंडळानं चिटबॉयकडं लेखी द्यावी, अशी माझी सूचना आहे.