गोल चेहरा, गोल फ्रेम

तर शेवटी चष्मा बदलला. चौथीपासून 'ढापण्या' ही पदवी मिरवतोय (तेव्हा नंबर पाऊण होता, आता दोन्ही डोळ्यांना उणे साडेसहा आहे), म्हणजे हा माझा अकरावा की बारावा चष्मा असेल. पण डोकं वापरून घेतलेला हा पहिलाच. बाकीचे सगळे 'आरशात बरा दिसतोय ना, मग दे' या तत्त्वावर घेतलेले.

आधीचा चष्मा ऑनलाइन मागवला होता. रात्री साडेअकराला, रिलीज कधी होतोय याची वाट बघत बसलेलो असताना. तिथे तो सुप्रसिद्ध तक्ता होता: गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल, बदामी चेहऱ्याला अमुक. माझा चेहरा गोल (आई 'भरलेला' म्हणते), म्हणून मोठी, काळी, चौकोनी फ्रेम निवडली. शेवटी त्यांनी पीडी विचारली, म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर. मी बाथरूमच्या आरशासमोर डोळ्यांखाली पट्टी धरली. चष्मा काढल्यावर मला पट्टीवरचे आकडेच दिसत नाहीत हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. ५८ मिमी भरलं आणि झोपलो.

पुढचे सात-आठ महिने रोज दुपारी तीन वाजले की कपाळात कळ यायची. दोष आधी स्क्रीनला दिला, मग एसीला, मग मॅनेजरला. कॉफी सोडून पाहिली. एका रात्री गुगल करून मेंदूत गाठ असल्याचं निदानही करून झालं. कोडमधल्या साध्या चुका दिसेनाशा झाल्या, टीम लीडने दोनदा 'घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं. दिवसभर स्क्रीनकडे बघण्याचं हे काम आपल्याला झेपत नाही, दुसरं काहीतरी बघावं, असं मी खरंच मनाशी धरलं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासला. तो होता तेवढाच. "चष्मा कुठून केला? तो एकदा कुणाकडून तरी तपासून घ्या," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी चष्मा लेन्सोमीटरवर ठेवला, दोन्ही काचांवर शाईचा एकेक ठिपका उमटवला आणि चष्मा परत माझ्या नाकावर चढवला.

"बघा आरशात. ठिपके कुठेत आणि तुमचे डोळे कुठेत?"

ठिपके नाकाच्या बाजूला सरकलेले होते. खरी पीडी निघाली ६४.

"सहा मिलिमीटर! डोळे दुखणार नाहीत तर काय होणार?"

घरी आल्यावर गणित केलं. काच मध्यबिंदूपासून जितकी सरकलेली असते, त्या अंतराला (सेंटिमीटरमध्ये) नंबरने गुणायचं, की ती काच किती प्रिझमचं काम करते ते कळतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ऑप्टिक्स शिकलो होतो म्हणे. प्रत्येक डोळ्याला ३ मिमी, म्हणजे ०.३ गुणिले ६.५, जवळजवळ दोन. दोन्ही मिळून चार. थोडक्यात, माझे डोळे दिवसभर गरजेपेक्षा जास्त नाकाकडे ओढून धरलेले होते. माझा नंबर एक असता तर हेच उत्तर ०.६ आलं असतं आणि कदाचित मला पत्ताही लागला नसता. नंबर जास्त असेल तर चूक महाग पडते.

आता त्या तक्त्याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की चेहऱ्याच्या आकाराचा तक्ता गुंडाळून ठेवावा. फ्रेमच्या काडीच्या आत बारीक अक्षरांत तीन आकडे असतात, ते वाचावेत. माझ्या जुन्या फ्रेमवर होते ५६-१८-१४५: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिमीमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज आपल्या पीडीच्या जितकी जवळ, तितके डोळे काचेच्या मधोमध येतात. माझी बेरीज ७४. म्हणजे योग्य पीडी भरली असती तरी डोळे काचेत नाकाकडे सरकलेलेच दिसले असते.

उणे नंबरवाल्यांना तर हा हिशोब टाळताच येत नाही. काच मध्यापासून जितकी लांब जाते, त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तिची कड जाड होते. जुन्या चष्म्यात बाहेरची कड मध्यापासून ३६ मिमी लांब होती. मधली जाडी सोडून कड साधारण ७ मिमी भरते. नवीन फ्रेम ४६-२०. तिथे कड २४ मिमीवर, जाडी ३ मिमीच्या आसपास. काचेचं मटेरियल तेच, १.६ इंडेक्सचं! दुकानदार तुम्हाला जास्त पैसे घेऊन 'हाय इंडेक्स' देतो, पण लहान फ्रेम घ्या असं क्वचितच सांगतो. शिवाय मोठ्या उणे काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते, त्याने फोटोत चेहरा तुटल्यासारखा वाटतो. ते वेगळंच.

४६ च्या फ्रेम्स बहुतेक गोल असतात. म्हणजे गोल चेहऱ्यावर गोल फ्रेम, तक्त्यानुसार घोर पाप. घालून पाहिली. डोळे बरोबर मध्ये, भुवया मोकळ्या. मलाच मी बरा दिसलो :)

बांधणीचं म्हणाल तर काकांनी एक गोष्ट करायला लावली: चष्मा उघडून काचेच्या काउंटरवर ठेवायचा. दोन्ही काड्या एकदम टेकल्या पाहिजेत. मग काड्या सावकाश मिटून पाहायच्या. खडखड नको आणि एकदम गळून पडायलाही नको. अ‍ॅसिटेटची फ्रेम पत्र्यातून कापलेली असते, तिचा रंग आरपार असतो आणि ती गरम करून कानामागे हवी तशी वाकवता येते. साच्यात ओतलेल्या स्वस्त फ्रेमचा रंग बऱ्याचदा वरवरचा असतो, घामाने कानशिलापाशी उडतो. तांबं असलेल्या धातूवर घामाचा हिरवट थर बसतो (माझ्या दोन चष्म्यांवर बसला होता). मी टायटॅनियम घेतली. हलकी आहे, नाकावरचे पॅड वाकवता येतात आणि काड्या बारीक असल्यामुळे हेल्मेटमध्ये कानशिलं दाबली जात नाहीत. पुण्यात गाडी चालवणाऱ्याने हेल्मेट सोबत नेऊनच फ्रेम घ्यावी, असं मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय.

ब्रँड? लक्झॉटिका या इटालियन कंपनीने रे-बॅन १९९९ मध्ये घेतली, ओक्ली २००७ मध्ये, आणि २०१८ मध्ये स्वतःच एस्सिलॉर या काचा बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीशी हातमिळवणी केली. कितीतरी फॅशन ब्रँड्सचे चष्मेसुद्धा तीच परवान्यावर बनवते. तेव्हा काडीवरचं नाव बघून पैसे मोजण्यापेक्षा मी फ्रेम बसवून देणाऱ्या माणसाचे पैसे आनंदाने दिले. काकांनी कानामागचा बाक तीनदा बदलला, मला मान खाली घालून डोकं हलवायला लावलं, चष्मा पडला नाही तेव्हाच सोडलं.

दुपारची कळ चौथ्या-पाचव्या दिवशी थांबली. लगेच नाही, डोळ्यांना जुनी सवय सोडायला तेवढे दिवस लागले आणि तोवर जिना उतरताना पायऱ्या जरा विचित्र वाटत होत्या.

काल रात्री बाबा पेपर वाचता वाचता झोपले तेव्हा त्यांचा चष्मा उचलून आत बघितलं. ५४-१६. नाक तर आमच्या घराण्याचंच, रुंद. दोन्ही बाजूंना लाल वळ उठलेले. पुढच्या शनिवारी त्यांना काकांकडे नेतोय. दुकान एक ते चार बंद असतं, म्हणून सकाळीच.