भैरवाचा झाला बिलावल



दुबईतल्या आमच्या गाण्याच्या ग्रुपने संगीतावर छोटा अंक काढायचं ठरवलं आणि "तू कॉम्प्युटरवाला" म्हणून डिझाइन माझ्या गळ्यात पडलं.

आधी मुखपृष्ठ. मासिकाचं नाव नेहमी वरच का? तर स्टॉलवर अंक एकामागे एक लावतात, वरचा भागच दिसतो. आपला अंक तर घरोघर वाटायचा! मी नाव खुशाल खाली टाकलं, वर नुसता तानपुरा. कोणाचं काही बिघडलं नाही.

मग डोक्यात हवा गेली. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. मला ती जुनाट वाटली. मी कोमल स्वर लाल रंगात छापले. दिसायला झकास! पण क्लासच्या ताईंनी करामात साध्या झेरॉक्स काढून मुलांना दिल्या. लाल-काळं एकच झालं, कोमल रे-ध शुद्ध झाले आणि पोरं भैरवाऐवजी बिलावलचे स्वर घोकून आली. ताई इतकंच म्हणाल्या, "अरे, ती रेघ शोभेची नव्हती."

रेघा परत आल्या. शिवाय पहिल्याच पानावर 'भातखंडे पद्धत' असं ठळक छापलं. कारण स्वराच्या डोक्यावरचं टिंब तिथे तार सप्तक दाखवतं, आणि पलुस्कर पद्धतीत मंद्र!

जुन्या कोडमधली ओळ उडवण्याआधी "ही कशासाठी होती?" असं मी ऑफिसात रोज विचारतो. नेमकं इथेच विसरलो.